नानांचा निळा बिल्ला

आत्याची कोथरूडमधली सोसायटी २०२३ च्या ऑक्टोबरात रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायला आम्ही तिघं गेलो होतो: बाबा, मी आणि माझा चुलतभाऊ, जो अशा वेळी फक्त उचलाउचलीला उपयोगी पडतो. शिवणाच्या मशिनच्या खणात बटणांचा डबा निघाला. बिस्किटांचा गोल, पत्र्याचा. असा डबा घरोघरी असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात. हूक, कोटाची बटणं, एक अंगुस्तान, गुंता झालेला रेशमी दोरा, प्लास्टिकच्या बाहुलीचा एक हात, आणि सगळ्यांत तळाशी हा बिल्ला.

जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढा गोल. नंतर पट्टी लावून मोजला तेव्हा १९ मिलिमीटर भरला. गडद निळा, काचेसारखा गुळगुळीत, कडेला पिवळट धातूची बारीक रेघ. निळ्यावर तीन पांढरे पक्षी. पक्षी म्हणजे तरी काय, शाळेत चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी काढून झाल्यावर आकाशात आपण जे काढायचो ते. दोन वाकड्या रेघा, संपला पक्षी. मागे एक टाचणी, डाग देऊन जोडलेली दिसत होती. अक्षर नाही, आकडा नाही, कुणाचं नाव नाही.

"हा नानांचा," आत्या म्हणाली. "नाना विमान चालवायचे ना, त्याचा."

नाना म्हणजे बाबांचे आणि आत्याचे धाकटे काका. लग्न केलं नाही, १९८८ साली गेले. मला आठवतात ते जाड भिंगांचा चष्मा लावून ओट्यावर पेपर वाचणारे. नोकरी कॅम्पातल्या मिलिटरीच्या हिशेबाच्या ऑफिसात, कारकुनाची. "नाना विमान चालवायचे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं आणि मोठी झाल्यावर सोडून दिलं होतं. प्रत्येक घराण्यात कुणीतरी गांधीजींना पाणी दिलेलं असतं, तसंच हे.

पण आता हातात वस्तू होती. शोधायचं ठरवलं. मला सहा महिने लागले, त्यातले निम्मे वाया गेले. तुमच्याकडे असाच एखादा बिनानावाचा बिल्ला पडला असेल तर माझे वाया गेलेले महिने तरी वाचतील, म्हणून लिहून ठेवते.

पहिली चूक त्याच रात्री झाली, आणि ती बाबांनी केली. मी जेवायला बसले असताना त्यांनी तांब्यापितळेची भांडी घासायच्या पावडरीने बिल्ला लख्ख करून आणला. कडेचा जुना रंग गेला, मागच्या टाचणीवरचा पातळ मुलामा एका बाजूने उडाला. सुदैवाने निळ्याला काही झालं नाही. बाबांना वाटलं मी खूश होईन. ओळख पटेपर्यंत जुनी वस्तू घासू नका. धूळ मऊ ब्रशने काढा आणि थांबा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काही नको.

दुसऱ्या दिवशी फोटो काढले. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी भूमितीच्या पेटीतली पट्टी. पुढून, मागून आणि कडेने. कडेचा फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नाही, पण बिल्ला सपाट आहे की किंचित फुगीर, टाचणी कुठे आणि कशी बसवली आहे, हे त्यातच दिसतं. फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकला. आधी हॉटेलांची बोधचिन्हं आली, मग पक्षी वाचवणाऱ्या संस्थांचे नवे बिल्ले, मग काही जर्मन पानं. त्यांतल्या एकदोन पानांवर हिटलरच्या काळातली चिन्हं होती, स्वस्तिकासकट. मी घाईघाईने ती पानं बंद केली. नारायण पेठेतल्या नानांचा जर्मनीशी काय संबंध? उत्तर त्या जर्मन पानांवरच होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात. पण प्रश्नच नीट कळला नसेल तर उत्तर समोर येऊनही उपयोग नसतो.

मग आली दिवाळी. ती संपल्यावर २६ नोव्हेंबरच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेले. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्यांपासून ग्रामोफोनच्या भोंग्यांपर्यंत सगळं तिथे जमिनीवर मांडलेलं असतं. लवकर जा, दहाच्या आत. एका नाणीवाल्या काकांनी बिल्ला तळहातावर घेऊन सांगितलं, "नेव्ही. निळा रंग, समुद्रपक्षी, आणखी काय पाहिजे?" पलीकडच्याने एअर इंडिया सांगितलं. तिसऱ्याने काहीच न सांगता दीडशे रुपये देऊ केले. मी नाही म्हटल्यावर दोनशे. तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी माहीत असणार. तसं काही नव्हतं, तो सगळ्यांनाच दीडशे म्हणतो.

डिसेंबरात मी वाचायला लागले आणि इथून शोधाला जरा शिस्त आली. वायुदलाच्या जुन्या बिल्ल्यांवर आधी काय बघतात? वरचा मुकुट. ब्रिटिश चिन्हांवर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राजाचा मुकुट असायचा, त्याच्या कमानी गोलसर घुमटासारख्या. एलिझाबेथ राणी आल्यावर मुकुट बदलला, नव्याच्या कमानी मधे खाली दबलेल्या. म्हणजे नुसत्या मुकुटावरून १९५३ च्या आधीचं की नंतरचं हे साधारण ठरवता येतं. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. वैमानिकाला दोन्ही बाजूंचे पंख, विमानातल्या बाकीच्यांना एकच पंख आणि त्याच्या मुळाशी गोलात अक्षर. ऑब्झर्व्हरचा, म्हणजे विमानातून टेहळणी करणाऱ्याचा 'ओ' पहिल्या महायुद्धातला, १९१५ चा. मार्ग ठरवणाऱ्या नॅव्हिगेटरचा 'एन' १९४२ मधला. मशिनगन चालवणाऱ्याचा, म्हणजे एअर गनरचा 'एजी'.

हे वाचून डोकं इतकं भरलं की एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी कापडी 'एजी' पंख मागवला, सहाशे रुपयांना. कारण काय, तर नानांच्या बिल्ल्याशी ताडून बघायला. ताडून काय बघणार होते ते आता मलाही सांगता येत नाही. पंख आला, छान दिसत होता. शेजारच्या मुलाकडे नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी होती, ती त्यावर मारली तर दोरा ट्यूबलाइटसारखा चमकला. हल्लीच्या दोऱ्यांत आणि साबणांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती या उजेडात चमकतात. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सुती दोऱ्यात ती नसतात. सहाशे रुपयांत एवढं शिक्षण. बॅटरी अडीचशेला मिळते, आधी ती घ्यावी.

आमच्या गल्लीत वायुदलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर राहतात. त्यांना बिल्ला दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून तो डोळ्यांजवळ नेला आणि पाच सेकंदांत परत दिला. "आमचा नाही."

"कशावरून?"

"आमच्यात गरुड. हे कसले, बगळे? आणि सिंह कुठे आहेत? सरकारी वस्तूवर सरकारची खूण नाही असं होत नाही." मग त्यांनी मला वायुदलाचं ब्रीदवाक्य म्हणून दाखवलं, 'नभः स्पृशं दीप्तम्', आणि गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे हे माहीत आहे का म्हणून विचारलं. माहीत नव्हतं. चहा मात्र फार चांगला होता.

आमचा नाही, हे उत्तरही उपयोगाचं निघालं. त्या दिवसापासून मी वहीत काय नाही त्याची यादी सुरू केली. मुकुट नाही, सिंह नाहीत, म्हणजे सैन्य किंवा सरकार नाही. एअर इंडियाचा धनुर्धारी नाही. १९५३ साली आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, त्यातली एखादी असेल म्हणावं तर विमान कंपनी आपलं नाव न लिहिता बिल्ला कशाला काढेल? नाव नाही याचा अर्थ ज्यांच्यासाठी तो होता त्यांना नावाची गरजच नव्हती. तीन पक्षी पाहिले की त्यांना कळत होतं.

जानेवारीत सराफाकडे गेले, रविवार पेठेत. आमचे नेहमीचे. त्यांचा कसोटीचा दगड पुढे आला तसा मी हात मागे घेतला. "घासू नका, तेजाब लावू नका, नुसतं बघून सांगा." बघून सांगायचे ते शंभर रुपये घेतात, माझ्याकडून घेतले नाहीत. वजन तीन ग्राम सातशे मिली. चांदी नाही, पितळ, वर मुलामा होता "तो तुम्ही घालवलात". बाबा दुकानाबाहेर स्कूटरवर बसले होते ते बरं. मग त्यांनी भिंग लावलं आणि आवाज बदलला. "हा रंग नाहीये. मीना आहे. भट्टीतला." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. निळ्याच्या आत बारीक बुडबुडे दिसत होते, काचेतले असतात तसे, आणि पक्ष्यांच्या कडेला पितळेची केसाएवढी भिंत होती. पांढरा मीना एका खळग्यात, निळा दुसऱ्यात, मधे ती भिंत. हल्लीच्या स्वस्त बिल्ल्यांत रंग ओतून वर पारदर्शक थर देतात, तो नखाला मऊ लागतो. हा थंड आणि टणक. "हौसेने केलेलं काम आहे," सराफ म्हणाले. तीन पक्ष्यांपैकी मधल्याचा एक पंख जरासा तुटका आहे, तेही तेव्हाच दिसलं. तिथे पितळ उघडं पडून काळं झालंय.

आता वहीची गोष्ट. खरं तर ती आधीच सांगायला हवी होती, पण मलाही उशिराच मिळाली. आत्याचं सामान भाड्याच्या घरात लावताना, जानेवारीच्या शेवटी, एका ट्रंकेत नानांची हिशेबाची वही सापडली. नानांचे बाकीचे कागद कुठे गेले असं विचारायचीही गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं. माळ्यावर होतं तेवढं वाचलं. ही वही माळ्यावर होती.

वहीचं पहिलं पान फाटलेलं, साल कुठेच नाही. तारखा आणि वार आहेत. दूध, रॉकेल, चहा, टपाल. मग रविवार आला की हे असं:

"रवि. लाँच ३. पंक्चर दोन आणे."

पुढच्या रविवारी "लाँच २". त्याच्या पुढच्या रविवारी "वारा. लाँच नाही." असं पानंच्या पानं.

लाँच! मी उडालेच. लाँच म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाते ती. वारा असला की बंद होते ती. निळा रंग, पांढरे समुद्रपक्षी, जुन्या बाजारातले काका म्हणाले होतेच. झालं तर, नाना कुठल्यातरी बोटीच्या कंपनीत रविवारी काम करत असणार आणि घरच्यांनी बोटीचं विमान केलं असणार. पुढचे तीन आठवडे मी कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या बोट कंपन्यांच्या मागे घालवले. त्यांचे झेंडे, त्यांची तिकिटं, त्यांच्या खलाशांच्या टोप्या. एका ग्रंथालयात दोन शनिवार बसले. झेरॉक्सचे चाळीस रुपये झाले.

शेवटी आई म्हणाली, "रविवारी सायकल पंक्चर झाली आणि त्याच रविवारी हा माणूस तीनदा लाँचमध्ये बसला? पुण्यात लाँच कुठली गं? खडकवासल्याला?"

बाबांना तेव्हा आठवलं की नाना रविवारी सकाळी सायकलला डबा अडकवून जायचे आणि संध्याकाळी उन्हाने तांबडे होऊन यायचे. कुठे जायचे ते माहीत नाही. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. "विचारलं नाही?" "मोठ्या माणसांना कुठे चाललात असं विचारायची पद्धत नव्हती."

अकरा वर्षांचे हे बाबांना कसं माहीत? कारण एव्हाना वहीचं साल आम्ही काढलं होतं, आणि या एका गोष्टीचा मला जरा अभिमान आहे. वहीच्या मध्यावर हिशेब एकदम बदलतो. तोपर्यंत सगळं आणे-पैत, आणि एका सोमवारपासून 'न. पै.' म्हणजे नये पैसे. आपल्याकडे दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ ला, आणि तो दिवस सोमवारच होता. साल नसलेली वही पैशांनी आपलं साल सांगून टाकते. जुनी चोपडी हातात आली तर हे जरूर बघा.

आणि नव्या पैशांच्या तीन पानं आधी ही ओळ होती, बाकीच्यांपेक्षा ठळक, पेन दोनदा फिरवलेलं:

"रवि. १७ मार्च. लाँच ४. ५ मि. सी झाला. पेढे १२ आणे."

सी म्हणजे समुद्र, असं मी तोपर्यंत धरून चालले होते. खरंच सांगते. बोटीच्या नादात माणसाला सगळीकडे पाणी दिसतं.

कोडं सुटलं ते फेब्रुवारीत, एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी मैत्रिणीचे सासरे बसले होते, सत्तरीतले. जिलबी येईपर्यंत बोलायला विषय हवा म्हणून मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला आणि जिलबीवाल्याला हातानेच थांब केलं.

"हा सी आहे. कुणाचा?"

मी म्हटलं, काय आहे?

"ग्लायडिंगचा सी. एक पक्षी म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. आम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो ना, हडपसरला जायचो."

"मग लाँच?"

"विंच लाँच! दुसरं काय?"

त्यांनी पानातल्या मठ्ठ्याच्या वाटीला ग्लायडर केलं आणि समजावलं. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे मोठं इंजिन आणि त्याला रीळ, त्यावर पोलादी दोर. दोराचं दुसरं टोक मैदानाच्या या टोकाला, ग्लायडरच्या पोटाखाली हुकात. विंच दोर गुंडाळायला लागला की ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. वर पोचला की वैमानिक दोर सोडतो. त्याच्यानंतर तो, त्याचं नशीब आणि हवा. शिकाऊ माणूस काही मिनिटांत खाली येतो. एक लाँच म्हणजे अशी एक फेरी. रविवारी तीन मिळाल्या तर चांगला दिवस.

सी म्हणजे काय, तर खाली न येणं. दोर सोडला त्या उंचीच्या वर पाच मिनिटं टिकून दाखवायचं. इंजिन नाही, म्हणजे वर चढणारी गरम हवा शोधायची आणि तिच्यात गोल गोल फिरत राहायचं. "घारी बघायच्या," ते म्हणाले. "घार पंख न हलवता जिथे फिरतेय तिथे जायचं. मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेल्या काळ्या रानावर फार छान मिळायचं."

५ मि. सी झाला. पेढे बारा आणे.

मला त्या पंगतीत रडू आलं, ते का हे मलाही तेव्हा सांगता आलं नाही. मैत्रिणीला वाटलं मिरची लागली.

घरी येऊन ऑक्टोबरात बंद केलेली जर्मन पानं पुन्हा उघडली. आता सगळं वाचता आलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, म्हणून तिथली तरुण मंडळी बिनइंजिनाची विमानं घेऊन डोंगरावर गेली. ऱ्होन भागातला वासरकुप्पे हा डोंगर त्यांची पंढरी. १९२० पासून तिथे स्पर्धा भरू लागल्या. तिथल्याच शाळेतल्या फ्रिट्झ श्टामर या शिक्षकाने निळ्यावर पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची ही खूण काढली, आणि ती जगभरच्या ग्लायडरवाल्यांनी उचलली. सुरुवातीच्या नियमांत ए साठी सरळ अर्धा मिनिट उडायचं होतं. यापुढची पायरी म्हणजे सिल्व्हर, तीच तीन पक्ष्यांची खूण पण भोवती पानांची माळ. त्याला पाच मिनिटं नाही, पाच तास हवेत राहायचं, पन्नास किलोमीटर जायचं आणि एक हजार मीटर उंची कमवायची. तेव्हा तुमच्याकडच्या बिल्ल्यावर माळ आहे की नाही हे आधी बघा. माळ असेल तर तुमचे नाना फार मोठे होते. आमच्याकडे माळ नाही.

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक खात्याने १९५० मध्ये सुरू केलं. मी आयुष्यभर पुण्यात राहते, त्या बाजूला ऑफिसला जायचे, आणि 'ग्लायडिंग सेंटर' हे माझ्यासाठी बसच्या स्टॉपसारखं नाव होतं. पंगतीतल्या काकांनी पुढे फोनवर आणखी एक सांगितलं, ते मला इतकं आवडलं की विषय सोडून इथे लिहिते. खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्राने स्वतःचे ग्लायडर बनवले आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली. अश्विनी १९५८ मध्ये उडालं. शिवाय भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आणि १९७९ मध्ये आर्द्रा. काका रोहिणीत शिकले. पावसाची नक्षत्रं मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा रोहिणीत बसून उडतो याची त्यांना अजून गंमत वाटते. नानांच्या वेळी, १९५७ मध्ये, ही नक्षत्रं अजून उगवलेली नव्हती.

आता कागद हवा होता. बिल्ला सी चा आहे हे ठरलं, वही सांगते सी झाला, पण अधिकृत नोंद मिळाली तर बरं, असं बाबांच्या मनात आलं. मला तितकी गरज वाटत नव्हती, तरी ४ मार्चला माहितीच्या अधिकारात अर्ज केला. केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी दहा रुपये, मजकूर तीन हजार अक्षरांत बसवावा लागतो. माझा पहिला मसुदा पाच हजारांचा होता, त्यात पानशेत होतं, पेढे होते. सगळं कापलं. अर्जात 'का' आणि 'कसं' विचारू नका, कुठल्या कागदाची प्रत हवी ते लिहा. मी लिहिलं: १९५६ ते १९५८ या काळात सी प्रमाणपत्र मिळालेल्यांची नोंदवही असल्यास अमुक नावाच्या पानाची प्रत. प्रतीचे पानाला दोन रुपये. नातं आणि मृत्यूचा दाखला जोडला, नाहीतर त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून अडकू शकतं.

अर्ज चौथ्या दिवशी एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेला. हे कायद्यातच आहे, घाबरायचं नाही, पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. फक्त अर्जाचा नंबर बदलतो, नवा लिहून ठेवा. मी लिहिला नाही, मग दोन आठवडे जुन्याच नंबरवर स्थिती तपासत बसले.

मधल्या काळात १७ मार्च आला, आणि २०२४ मध्येही तो रविवारच होता. बाबांना म्हटलं चला. आम्ही दुपारी बारा वाजता हडपसरला गेलो. आत जायची परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे भिंतीबाहेरच उभे राहिलो. चारही बाजूंना इमारती, आणि मधे हा एवढा मोठा रिकामा माळ, गवत वाळून पिवळं झालेलं. त्या दिवशी काही उडत नव्हतं. वर चार घारी होत्या. बाबांनी घड्याळ लावलं. एक घार पंख न हलवता फिरत होती आणि आम्ही दोघं मान वर करून बघत होतो. दोन मिनिटांनी मान दुखायला लागली, तीन मिनिटांना रिक्षावाल्याने काय झालंय म्हणून विचारलं. पाच मिनिटं फार मोठी असतात हो. आधी ते मला ठाऊक नव्हतं.

"चष्म्यामुळे वायुदलात घेतलं नसेल," बाबा परत येताना म्हणाले. हा त्यांचा अंदाज. वहीत तसं काही नाही.

आरटीआयचं उत्तर २ एप्रिलला आलं. त्या काळातल्या नोंदी जतनाची मुदत संपल्यामुळे उपलब्ध नाहीत. पुढे पहिलं अपील तीस दिवसांत करता येतं आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांत त्याला फी नाही. मी केलं नाही. नसलेल्या वहीवर अपील करून वही होत नाही. बाबा दोन दिवस गप्प होते, मग त्यांनी उत्तराची प्रिंट काढून नानांच्या वहीतच ठेवली.

एकूण खर्च लिहायचा तर शोधाला लागले शे-दीडशे रुपये, पेट्रोल सोडून. आणि मूर्खपणाला साडेआठशे, पंखाचे आणि नंतर घेतलेल्या बॅटरीचे. विकायचा विचार असेल तर पंगतीतल्या काकांच्या मते अशा बिल्ल्याला संग्राहकही फार पैसे देत नाहीत. जुन्या बाजारातला दोनशे म्हणाला तो लबाड नव्हता म्हणायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सगळे आत्याकडे जमलो. मी तिला सांगितलं की तुझं बरोबर होतं, नाना उडवायचे, फक्त त्याला इंजिन नव्हतं. ए चा एक पक्षी, बी चे दोन, सी चे तीन, असं बोटांवर मोजून दाखवलं.

आत्या ऐकता ऐकता थांबली. "एक पक्षीवाला होता," ती म्हणाली. "मी नानांकडून मागून घेतला होता. बाहुलीच्या फ्रॉकला लावायला."

"मग कुठाय?"

"बाहुली पानशेतच्या पुरात गेली."

मग ती उठली, बटणांचा डबा घेऊन आली आणि सगळा डबा सतरंजीवर पालथा केला. बाहुलीचा तो प्लास्टिकचा हात बाजूला ठेवला. "ही नंतरची बाहुली," म्हणाली, आणि चष्मा लावून एकेक बटण बघायला लागली.